करडी थांबते तो कोपरा

करडी शुक्रवारी जाणार, हे मला सोमवारी सकाळी लीद भरताना कळलं. मास्तर चहाचा कप घेऊन तबेल्याच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शुक्रवारी पाचला एक माणूस येतोय. ट्रक घेऊन."

"कशाला?"

"करडीला बघायला."

मास्तरांची ही जुनी खोड आहे. वाईट बातमी ते अर्धीच सांगतात, उरलेली आपण ओढून काढायची. मी फावडं भिंतीला टेकवलं आणि ओढून काढली. हा माणूस तलावाकाठी पोरांना घोड्यावरून फेऱ्या मारून आणणारा. त्याला एक गरीब स्वभावाची घोडी हवी होती. सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकच वाट, पाठीवरून एक पोर उतरलं की दुसरं, तोंडात लोखंडी लगाम. आमच्याकडे लगाम नसतोच. दोरीची म्होरकी, एक लांब दोर आणि आपली अक्कल, एवढ्यावर आम्ही घोडा चालवतो आणि तेच लोकांना शिकवतो. करडीच्या तोंडात सात वर्षांत लोखंड गेलेलं नाही.

"मास्तर, मला थोडा वेळ द्या."

"सहा महिने दिले," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही, त्यांचा कधीच चढत नाही. "मला दहा घोडी पोसायला झेपत नाहीत आता. मधेच थांबणाऱ्या घोडीवर मी शिकणारा बसवू शकत नाही, तो पुढे फेकला जाईल. शुक्रवारी चार वाजता बघू. कॅंटरमध्ये दोन्ही हातांनी तीन-तीन फेऱ्या, न थांबता. जमलं तर ट्रक रिकामा जाईल."

एवढं बोलून कप झटकून गेले. कॅंटर म्हणजे हलकी दौड, आणि दोन्ही हातांनी म्हणजे एकदा डावीकडे वळत, एकदा उजवीकडे. मी पुन्हा फावडं उचललं. रडायला वेळ नव्हता, नऊ वाजता कोर्सवाले येणार होते.

या तबेल्यात मी मास्तरांची मदतनीस आहे. वय शेहेचाळीस, गुडघे साठीचे. ऑफिस बंद पडलं तेव्हा चार महिने म्हणून आले, त्याला तीन वर्षं झाली. सकाळी सातला लीद, मग दाणा-चंदी, मग ब्रशने खरारा, मग कोर्स. कोर्स म्हणजे पाच दिवसांचा. माणसं हौसेने येतात, घोड्याशी बोलायला शिकायचंय म्हणतात, आणि पहिल्या दिवशी घोड्याने पायावर पाय दिला की निम्म्यांची हौस फिटते. मास्तर मधे खुर्ची टाकून बसतात आणि सांगतात. पळापळ माझी. कोणाची दोरी गुंतली, कोणाचं खोगीर सरकलं, कोण घाबरून गळ्यात पडलंय, सगळीकडे मी. चारला कोर्स संपतो आणि चार ते पाच हा एक तास माझा. त्या तासात मास्तर मला शिकवतात आणि मी करडीवर बसते. पुढच्या कोर्सापासून नवशिक्यांची तुकडी माझ्याकडे देणार, असंही त्यांनी कबूल केलं होतं.

आमच्याकडे एका घोड्यावर एकच माणूस काम करतो, ही मास्तरांची पद्धत. करडीवर तीन वर्षांत माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. कोर्सवाल्यांना काही करून दाखवायचं असलं की करडी आणि मी. मागे जा, बाजूला सर, थांब, फिर. करडी म्हणजे शहाणं बाळ. मला ती माझी वाटायची, स्पष्टच सांगते. कागदावर मास्तरांची, पण माझी.

आणि सहा महिन्यांपूर्वी ती थांबायला लागली. कॅंटरमध्ये छान जात असायची, आणि रिंगणाच्या पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात येऊन खाडकन उभी. मी दोनदा तिच्या मानेवरून खाली आले. एकदा दात ओठात घुसला. कधी एका फेरीनंतर, कधी चार, पण कोपरा तोच.

मास्तरांचा एक नियम आहे, घोड्याच्या नजरेने बघा. घोडा अडला तर त्याला काय दिसतंय ते आधी शोधा. आम्ही शोधलं. कोपऱ्यातलं निळं पिंप हलवलं. डबकं बुजवलं. कुंपणावर फडफडणारी पट्टी काढली. मास्तर दुखऱ्या कंबरेने त्या कोपऱ्यात ओणवे झाले आणि घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून दहा मिनिटं बघत राहिले. मी तर गुडघ्यांवर रांगले. नालबंद येऊन खूर बघून गेला, जनावरांचे डॉक्टर पाठ दाबून गेले. काही नाही. शेवटी मीच मास्तरांना म्हटलं, "अडेल झालीय हो ही. डोकं फिरलंय." अडेल हा शब्द तिच्या कपाळी मीच लावला. मास्तरांनी तो तलाववाल्याला सांगितला असणार.

या वेळी कोर्सात सहा जण होते. त्यातले दोघे सांगण्यासारखे. एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ, उंच, आणि घोड्याला भयंकर घाबरणारे. बायकोने वाढदिवसाला कोर्स भेट दिला होता, त्यावरून तोंड वाकडं करून बसले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी बुटक्या नावाच्या घोड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मला विचारलं, "ताई, याला इमर्जन्सी स्टॉपचं बटण कुठंय?"

"तुमच्या नाकात," मी म्हटलं. "उद्या दाखवते."

दुसऱ्या होत्या दातांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, बारीक, फारसं न बोलणाऱ्या. सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. त्या घोड्याजवळ गेल्या की आधी त्याच्या ओठांकडे बघायच्या. सवय, म्हणाल्या.

सोमवारी चारला मी करडीवर बसले. दोन फेऱ्या बऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात उभी. दुसऱ्या हाताने घेतली, पहिल्याच फेरीत उभी. मास्तर खुर्चीतून बघत होते. मी टाच लावली, जीभ टाळ्याला लावून टक्-टक् केलं, ती पुन्हा निघाली आणि पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच. पाच वाजले. पाचला मला निघावंच लागतं.

घरी आई आहे. दोन वर्षांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावर. दादा परगावी नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो, आईच्या कपाळावर हात ठेवतो, डोळे पुसतो आणि जातो. दिवसा आईजवळ वहिनी असते. सहाला वहिनीची औषधांच्या कारखान्यात पाळी सुरू होते, ती रात्री बाराला सुटते. संध्याकाळी मी. मी पावणेसहाच्या आत पोचले नाही तर वहिनीची बस चुकते. पोचले की ती दारातच चप्पल घालून उभी असते. "पाठ पुसलीय. औषध आठला. डाळ आहे," असं एका दमात सांगते आणि एक उसासा सोडून जिना उतरते. तो उसासा मला अगदी ठरवून सोडल्यासारखा वाटायचा. बघ, तू घोडे खेळवून आलीस आणि मी दिवसभर इथे, असा. माझी मान ताठ व्हायची. वहिनीचा टोमणा मी असा रोज पायपुसण्यावरच घ्यायची.

मंगळवार म्हणजे आमचा श्वासाचा दिवस. घोडा थांबवायला दोरी ओढायची नाही, आपण श्वास सोडायचा. पूर्ण, पोटातून. खांदे उतरतात, बैठक सैल पडते, घोड्याला पाठीवर ते कळतं आणि तो थांबतो. थांबला की लगेच आपणही सगळं सोडायचं, कौतुक करायचं, उभं राहू द्यायचं. घोडा ओढण्याने शिकत नाही, सोडण्याने शिकतो, हे मास्तर दिवसातून पन्नासदा सांगतात. मी करडीवर बसून दाखवलं. चालीत श्वास सोडला, थांबली. दुडकीत सोडला, थांबली. मग उतरून जमिनीवर तिच्या बाजूने चालत गेले, श्वास सोडला, ती माझ्या खांद्याशी थांबली. कोर्सवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"च्यायला," लिफ्टवाले म्हणाले, "माझी लिफ्ट एवढं ऐकत नाही."

ते स्वतः मात्र बुटक्यावर बसून इतके जोरात फुंकर मारत होते की बुटक्या कान मागे टाकून वैतागला. "केक नाहीये तो," मी ओरडले. "वाढदिवस होऊन गेला तुमचा. हळू, नाकातून." सगळे हसले, तेही हसले, आणि त्या हसण्यातच त्यांचा श्वास सुटला आणि बुटक्या थांबला. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अशा वेळी मला माझं काम आवडतं. बाकी वेळ पाय दुखतात.

चारला करडी पुन्हा कोपऱ्यात थांबली. चारदा.

बुधवारी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. आदल्या रात्री आईला तीनदा उठवून बसवावं लागलं होतं. सकाळपासून डोळ्यांत वाळू. लिफ्टवाल्यांनी दोरी स्वतःच्याच पायाला गुंडाळून घेतली, दुसऱ्या कोणाचा घोडा चंदीच्या खोलीत घुसला. चारला मी करडीवर बसले तेव्हा माझ्यात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला ती थांबली आणि माझं डोकंच फिरलं. दोरीचं टोक उचललं आणि तिच्या मांडीवर सपकन मारलं. एकदा नाही, दोनदा. "चल! चल म्हणते ना! विकताहेत तुला, कळतंय का!"

करडी थरथरली. पण पुढे गेली नाही. कान मागे करून, माझ्याकडे लावून उभी राहिली.

आमच्या तबेल्यात जनावराला कोणी मारत नाही. मास्तर खुर्चीतून उठले. "उतर," म्हणाले. एवढंच. मी उतरले, खोगीर काढलं, खरारा केला. ती रोजच्यासारखी डोळे अर्धे मिटून उभी राहिली. चावली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी कोर्स संपल्यावर डॉक्टरीणबाई गेल्या नाहीत. "बसू का बघत?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बसा, तमाशा फुकट आहे." मास्तर त्या दिवशी कंबर धरून घरी गेले होते, शेकत पडले असतील. डॉक्टरीणबाई त्याच कोपऱ्याबाहेर पिंप उपडं घालून बसल्या. मी करडीला काढलं. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसरीला ती थांबली, अगदी त्यांच्या नाकासमोर.

"बघितलंत?" मी म्हटलं.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही उसासा टाकता."

"काय?"

"इथे आलात की. त्या पाठीमागच्या दोन फेऱ्यांत अर्धवट टाकलात. आत्ता पूर्ण टाकलात आणि ती थांबली."

माझा पारा चढला. चार दिवस नाही झाले घोड्याला हात लावून, आणि मला शिकवताहेत. "डॉक्टरीणबाई, मी तीन वर्षं लोकांना हाच श्वास शिकवतेय. मी कधी श्वास सोडते ते मला कळत नसेल?"

"नाही कळत," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी सव्वीस वर्षं माणसांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसतेय. कोणालाच कळत नाही. मला बघावं लागतं, नाहीतर नेमकं तेव्हाच हत्यार लागतं."

मग मी करडीला चालीत घेतलं, नुसतं चालीत, आणि रिंगणाला फेरी घातली. या वेळी करडीकडे लक्ष द्यायचं सोडून माझ्याकडे दिलं. कोपरा आला. वळताना आपण पुढे बघतो, तसं मी बघितलं, आणि समोर खोगिरांच्या खोलीची भिंत होती. भिंतीवर शाळेत असतं तसलं मोठं गोल घड्याळ. चार पस्तीस. माझ्या मनात आलं, अजून पंचवीस मिनिटं, मग बस, मग वहिनी दारात, मग आईचं अंग पुसायचं, चादर बदलायची. आणि माझ्या छातीतून हवा अशी निघून गेली, जशी सायकलच्या ट्यूबमधून जाते. खांदे पडले. बैठक सैल.

करडी थांबली.

रिंगणात ते घड्याळ फक्त त्या कोपऱ्यातून दिसतं. सहा महिने आम्ही घोडीच्या नजरेने बघत होतो. पिंप, डबकं, पट्टी. त्या कोपऱ्यात मला काय दिसतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी घोडीवरच बसून राहिले. सहा महिने हे जनावर मी सांगेन ते करत होतं. चौखूर पळताना थांब म्हटलं, थांबली. वर कुशीत टाच खाल्ली, तरी पुढच्या वेळी पुन्हा थांबली. आणि काल दोरी खाल्ली.

"मास्तरांना सांगू नका," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं.

"का?"

"उद्या मी नीट करून दाखवते. तीन फेऱ्यांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि पिंप सरळ करून गेल्या. आता खरं सांगते, का नको होतं ते. चूक घोडीची निघाली तर घोडी जाते. चूक माझी निघाली तर नवशिक्यांची तुकडी जाते, करडी माझ्याखालून जाते, आणि दिवसातला तो एक तास, जो एवढ्या सगळ्यात एकटा माझा आहे, तोही जातो. मला दोन्ही हवं होतं.

शुक्रवारी दुपारी मी खोगिराचं एक जुनं कापड घेऊन शिडीवर चढले आणि घड्याळ झाकलं. लिफ्टवाल्यांनी शिडी धरली. कारण विचारलं नाही, शहाणा माणूस. चारला सगळे कोर्सवाले कुंपणाशी उभे राहिले. तलाववाला पाचची वेळ असून तासभर आधीच आला होता आणि ट्रकच्या दारात टेकून बडीशेप चघळत होता. मास्तर खुर्चीत.

उजव्या हाताने तीन फेऱ्या झाल्या. मी श्वास दातांत धरला होता. करडी ताठ झाली होती, लाकडी घोड्यासारखी पळत होती, पण गेली. डाव्या हाताची पहिली फेरी गेली. दुसरीला कोपऱ्यात आले. कापड होतं घड्याळावर, पण माझ्या अंगाला घड्याळ लागत नव्हतंच आता. त्या वळणावर अंग आपोआप सुटलं. इतका वेळ धरलेला श्वास एकदम गेला, आणि करडी खाडकन उभी राहिली. मी तिच्या मानेवर आपटले.

मास्तर उठले. "झालं," म्हणाले. मला म्हणाले की तिला, कळलं नाही.

मी उतरले. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी खाली बघितलं आणि खोगीर सोडलं.

तलाववाल्याने दोर हातात घेतला. करडी त्याच्यामागे गेली. ही घोडी कोणाहीमागे जाते, आम्हीच शिकवलंय. ट्रकला लावलेल्या फळीवर तिने पुढचे दोन पाय ठेवले. मी बाजूलाच उभी होते, तिची म्होरकी शेवटची सरळ करायला म्हणून. फळी तिच्या वजनाने कचकन वाजली आणि माझ्या तोंडून उसासा गेला. मुद्दाम नाही, शपथ.

करडी फळीवर थांबली. कान माझ्याकडे केले.

"चल गं," तलाववाला म्हणाला. दोर ओढला. ती हलली नाही. त्याने जोरात ओढला, तिची मान लांब झाली, डोळ्यांचं पांढरं दिसलं, पण पाय तिथेच. "हां, हीच ती खोड," तो म्हणाला. "असू दे, माझ्याकडे दोन दिवसांत जिरते." आणि दोराचं टोक उचललं.

"हात खाली घ्या!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बुटक्या तबेल्यातून खिंकाळला. "मी थांबवलंय तिला! मी थांब म्हटलं म्हणून थांबलीय ती!"

"तुम्ही कुठं काय म्हटलंत?"

मग मी मास्तरांकडे वळले आणि सगळं ओकले. कोपरा, घड्याळ, उसासा. कालपासून माहीत होतं, हेही. "खोड तिला नाही मास्तर, मला आहे. अडेल नाहीये ती. माझा शब्द खाली पडू दिला नाही तिने, आणि मी तिला मारलं." हे बोलताना मी रडत होते, नाक वाहत होतं, सहा अनोळखी माणसांसमोर. त्याचं काही वाटलं नाही.

मास्तरांनी तलाववाल्याच्या हातातला दोर घेतला आणि करडीला फळीवरून खाली आणलं. मग म्हणाले, "खोगीर आण."

दोन वर्षांत मास्तर घोड्यावर बसले नव्हते. लिफ्टवाल्यांनी त्यांना खालून आधार दिला, मी करडीला ओट्याला लावून धरलं. बसताना त्यांच्या तोंडावर कळ उमटली ती सगळ्यांनी पाहिली. पण एकदा बसले आणि दहा वर्षांनी लहान झाले. करडी निघाली. चाल, दुडकी, कॅंटर. डाव्या हाताच्या तीन फेऱ्या, उजव्या हाताच्या तीन फेऱ्या. कोपऱ्यातून ती अशी वळत होती की जणू तिथे कधी काही झालंच नव्हतं. सातव्या फेरीला नेमकं त्या कोपऱ्यात मास्तरांनी हलकेच श्वास सोडला. इथून ऐकूही आला नाही. करडी जागच्या जागी उभी.

मास्तर तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले. "मी तिचे पाय बघत बसलो सहा महिने," ते म्हणाले. "तुझ्याकडे बघायला हवं होतं कोणीतरी."

तलाववाला फळी आत ओढून शिव्या पुटपुटत गेला. डिझेलचं कोण देणार, असंही काहीतरी म्हणाला. कोर्सवाल्यांनी एकेक करून निरोप घेतला. डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडावर थोपटलं आणि खालची दाढ दाखवून घ्या म्हणाल्या, तुम्ही झोपेत दात खाता.

सगळे गेल्यावर मास्तरांनी सांगितलं. या वेळी पूर्ण सांगितलं. करडी राहील. तिच्यावर आता शिकणारे बसतील, वेगवेगळे. मी बसायचं नाही. पुढचे तीन महिने मी तांबड्यावर, आणि तांबड्या हा पाठीने बहिरा घोडा आहे, त्याच्यावर कितीही उसासे टाकले तरी फरक पडत नाही. नवशिक्यांच्या तुकडीचं नंतर बघू.

"हो," मी म्हटलं.

"वाईट वाटलं?"

"हो."

"वाटू दे," म्हणाले आणि कंबर धरून गेले.

मी करडीला तिच्या जागी नेत होते तेव्हा खिशात फोन वाजला. घड्याळावरचं कापड अजून तसंच होतं, किती वाजले ते कळत नव्हतं. वहिनी होती.

"निघालीस का?"

"नाही गं. अजून तबेल्यातच आहे."

"सव्वापाच होऊन गेले." आणि मग तो आला, फोनमधून, वहिनीचा उसासा. रोजचाच. दोन वर्षं मी तो दारात ऐकत आले होते आणि रोज मान ताठ केली होती. आज मी दोर हातात घेऊन उभी होते, मान ताठ करायलाही त्राण नव्हतं, म्हणून नुसता ऐकला. तो माझ्यासारखाच होता. तसाच, पोटातून, खांदे उतरवणारा. ती सकाळपासून आईजवळ, आता सहापासून बारापर्यंत कारखान्यात, आणि उद्या पुन्हा. त्यात टोमणा कुठे होता?

"वहिनी," मी म्हटलं, "दमलीस का गं?"

मला वाटलं फोन कट झाला.

"आत्ता विचारतेस होय," वहिनी म्हणाली, आणि रडायला लागली.

करडी माझ्या खांद्याशी उभी होती. मीही उभी राहिले आणि ऐकत राहिले.